किती चूक चालेल?

३ ऑक्टोबर १९४७. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन गावी 'इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडी' या संस्थेत बत्तीस वर्षांचे एक गणिती आपला प्रश्न घेऊन आले होते. त्यांचे नाव जॉर्ज डँट्झिग. अमेरिकी हवाई दलात ते नियोजनाचे काम पाहत. माणसे, विमाने, इंधन, सुटे भाग आणि प्रशिक्षण यांचा मेळ कमीत कमी खर्चात कसा घालायचा, यासाठी त्यांनी त्याच उन्हाळ्यात एक नवी पद्धत बसवली होती. ती ज्यांना दाखवायची होती, ते जॉन फॉन नॉयमन एरवी समोरच्याचे शांतपणे ऐकून घेत. त्या दिवशी मात्र त्यांना लांबण नको होती. डँट्झिग यांनी मग मिनिटभरात सारे गणित फळ्यावर लिहून टाकले. ते पाहून नॉयमन उठले आणि पुढे तासाहून अधिक वेळ त्यांनीच या प्रश्नाच्या पोटात दडलेले गणित डँट्झिग यांना समजावून सांगितले.

हाच विषय पुढे 'लिनिअर प्रोग्रॅमिंग' म्हणजे रेषीय नियोजन या नावाने जगभर पसरला. आज तेल शुद्धीकरण कारखाने, विमान कंपन्या, वीज वितरण, पशुखाद्याचे मिश्रण अशा असंख्य ठिकाणी त्याची गणिते रोज सोडवली जातात. ती सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरला 'सॉल्व्हर' म्हणतात. पण सॉल्व्हर वापरणाऱ्याला एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: उत्तरात किती चूक चालेल? त्या शरद ऋतूत नॉयमन नेमका याच प्रश्नाशी झुंजत होते.

नॉयमन यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ रोजी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे एका सधन ज्यू कुटुंबात झाला. घरचे नाव यानोश. वडील मिक्सा बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. १९१३ मध्ये त्यांना सरदारकीचा किताब मिळाला आणि त्यातूनच पुढे नावात 'फॉन' आले. यानोश लहानपणीच आठ-आठ आकडी संख्यांचा भागाकार तोंडी करीत, असे सांगितले जाते. शाळेत त्यांच्या एक वर्ष पुढे युजीन विग्नर होते, ज्यांना पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. मुलाने गणित शिकावे की पोट भरेल असे काही, हा प्रश्न त्याही घरात होताच. तोडगा असा निघाला की मुलाने दोन्ही शिकावे. १९२६ मध्ये झुरिकहून रसायन अभियांत्रिकीची पदविका आणि बुडापेस्टहून गणितातील डॉक्टरेट, अशा दोन्ही पदव्या त्यांनी मिळवल्या.

पुढची काही वर्षे जर्मनीत गेली. गटिंगेनला डेव्हिड हिल्बर्ट यांच्या सहवासात त्यांनी काम केले. १९२८ मध्ये त्यांनी दोन खेळाडूंच्या डावपेचांविषयी एक प्रमेय सिद्ध केले. एकाचा फायदा तोच दुसऱ्याचा तोटा अशा खेळात एक जण आपले जास्तीत जास्त नुकसान कमीत कमी ठेवू पाहतो, तर दुसरा आपला किमान फायदा जास्तीत जास्त करू पाहतो. दोघांचे आकडे एकाच जागी येऊन मिळतात, असे ते प्रमेय सांगते. १९३० मध्ये ते प्रिन्स्टनला आले, १९३३ मध्ये तिथल्या नव्या संस्थेत प्राध्यापक झाले आणि १९३७ मध्ये अमेरिकेचे नागरिक. खेळांच्या गणितावर अर्थतज्ज्ञ ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासोबत लिहिलेला त्यांचा जाडजूड ग्रंथ १९४४ मध्ये निघाला. डँट्झिग यांच्या फळ्यावरचे गणित पाहताच त्यांना ओळख पटली ती यामुळेच. खेळाचा आणि नियोजनाचा सांगाडा एकच होता.

तो सांगाडा आहाराच्या उदाहरणाने चांगला कळतो. अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी एक प्रश्न मांडला होता. बाजारात ७७ अन्नपदार्थ आहेत. शरीराला ९ पोषक घटक ठरावीक प्रमाणात मिळायलाच हवेत. तर एका माणसाचा वर्षाचा आहार सर्वांत स्वस्तात कसा बसवावा? स्टिग्लर यांनी चाचपडत, हुशारीने एक उत्तर काढले. गव्हाचे पीठ, आटवलेले दूध, कोबी, पालक आणि सुक्या घेवड्याचे दाणे एवढ्यावर, १९३९ च्या दराने, वर्षाला ३९.९३ डॉलर. हे सर्वांत स्वस्त आहे का, हे मात्र त्यांना सिद्ध करता येत नव्हते. १९४७ च्या शरद ऋतूत डँट्झिग यांची पद्धत याच प्रश्नावर पारखली गेली. नऊ जणांनी हाताने चालवायच्या गणनयंत्रांवर ते काम केले आणि त्याला मिळून सुमारे १२० मनुष्यदिवस लागले. उत्तर आले ३९.६९ डॉलर. स्टिग्लर यांचा अंदाज अवघ्या २४ सेंटनी चुकला होता.

पण ३९.६९ हेच शेवटचे, याची खात्री काय? इथे नॉयमन यांनी दाखवलेले द्वैत कामी येते. अशा प्रत्येक प्रश्नाला एक जोडीदार प्रश्न असतो. समजा, एक औषधविक्रेता जीवनसत्त्वे आणि खनिजे सुटी विकतो. त्याला जास्तीत जास्त कमाई हवी. पण भाव असे ठेवायचे की कोणत्याही अन्नपदार्थातील घटकांची एकूण किंमत त्या पदार्थाच्या बाजारभावाहून जास्त होऊ नये, नाहीतर लोक पदार्थच घेतील. ग्राहकाचा कमीत कमी खर्च आणि विक्रेत्याची जास्तीत जास्त कमाई हे दोन आकडे शेवटी एकच निघतात. म्हणजे दोन्ही बाजूंनी हिशेब करायचा. आकडे जुळले की उत्तर पक्के.

कागदावर हे दोन आकडे तंतोतंत जुळतात. यंत्रावर ते तसे जुळतीलच असे नाही, कारण यंत्राकडे अंक ठेवायला मोजकीच जागा असते. एक भागिले तीन केले की ०.३३३३ पुढे कुठेतरी थांबावेच लागते. कापून टाकलेला तुकडा क्षुल्लक असतो, पण मोठ्या गणितात अशी लाखो कापाकापी होते. तुकडे साठत जाऊन उत्तरच वाहून गेले तर? १९४३ मध्ये संख्याशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी यावर एक भीतिदायक अंदाज दिला होता. समीकरणांच्या संचात एकेक समीकरण वाढेल तशी चूक चौपट होऊ शकते. हे खरे असते तर १०० समीकरणांसाठी सुमारे ६० अंक जास्तीचे बाळगावे लागले असते. तसे असते तर नव्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर ओतला जाणारा पैसा मोठ्या समीकरण-संचांच्या कामी पाण्यात गेला असता.

नॉयमन यांच्यासाठी ही केवळ पुस्तकी शंका नव्हती. युद्धकाळात लॉस अलामॉसच्या अणुबॉम्ब प्रकल्पात त्यांनी स्फोटाच्या लाटांची गणिते केली होती आणि हाताने करायच्या हिशेबाची मर्यादा जवळून पाहिली होती. १९४४ च्या उन्हाळ्यात ॲबर्डीनच्या रेल्वे फलाटावर लष्करी अधिकारी आणि गणिती हर्मन गोल्डस्टाइन यांची त्यांच्याशी गाठ पडली. बोलता बोलता गोल्डस्टाइन यांनी 'एनिॲक' या यंत्राचा विषय काढला आणि तेव्हापासून नॉयमन संगणकाच्या मागे लागले. १९४५ मध्ये त्यांनी लिहिलेल्या टिपणातील रचनेवर आजचे बहुतेक संगणक उभे आहेत. प्रिन्स्टनच्या संस्थेत स्वतःचे यंत्र बांधायचे त्यांनी ठरवले होते. त्या यंत्राची उत्तरे विश्वासाची असतील का, हे त्यांना आधीच कळायला हवे होते.

नोव्हेंबर १९४७ मध्ये नॉयमन आणि गोल्डस्टाइन यांचा शोधनिबंध अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. आरंभीच त्यांनी चुकांची चार उगमस्थाने वेगळी केली. पहिले, वास्तवाचे गणितात रूपांतर करताना केलेले सुलभीकरण. दुसरे, मोजमापातील चूक. तिसरे, न संपणारी प्रक्रिया मध्येच थांबवल्याने येणारी चूक. चौथे, अंक कापल्याने येणारी चूक. मग त्यांनी चौथ्या चुकीला मोजपट्टी लावली आणि दाखवले की प्रश्नांच्या एका महत्त्वाच्या वर्गात हॉटेलिंग यांची भीती खरी ठरत नाही. चूक समीकरणांच्या संख्येबरोबर चौपटीने फुगत नाही. ती मुख्यतः प्रश्नाच्या स्वभावावर अवलंबून असते.

हा स्वभाव म्हणजे काय? दोन समीकरणे घ्या. दोन संख्यांची बेरीज २ आहे; आणि पहिली संख्या अधिक दुसरीची १.०००१ पट मिळून २.०००१ होते. उत्तर सरळ आहे, दोन्ही संख्या १. आता २.०००१ च्या जागी २.०००२ लिहा. बदल वीस हजारांत एक भाग एवढाच. पण उत्तर होते ० आणि २! आलेखावर पाहिले तर या जवळजवळ समांतर धावणाऱ्या दोन रेषा आहेत. एक रेषा केसभर हलली की त्यांचा छेदबिंदू लांबवर सरकतो. अशा प्रश्नात दोष यंत्राचा नसतो. प्रश्नच नाजूक असतो. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये ॲलन ट्युरिंग यांनी या नाजूकपणाला 'कंडिशन नंबर' हे नाव दिले. नंतर जेम्स विल्किन्सन यांनी हा विचार आणखी पक्का केला. यंत्राने दिलेले उत्तर दिलेल्या प्रश्नाचे जवळपास बरोबर उत्तर म्हणून पाहण्यापेक्षा, किंचित वेगळ्या प्रश्नाचे अगदी बरोबर उत्तर म्हणून पाहावे, हा त्यांचा दृष्टिकोन आज सर्वमान्य आहे.

सॉल्व्हरमधला 'टॉलरन्स' इथूनच येतो. लेथवर काम करणाऱ्याला हा शब्द नवा नाही. दांडा २५ मिलिमीटरचा हवा, पण दोन शतांश मिलिमीटर इकडेतिकडे चालेल, असे नकाशावरच लिहिलेले असते. सॉल्व्हरलाही तसेच सांगावे लागते. एखादी अट किती तुटली तरी पाळली असे समजायचे? आणखी बचत किती क्षुल्लक असली की शोध थांबवायचा? किती लहान संख्येने भागायचे नाही? अनेक प्रचलित सॉल्व्हरमध्ये पहिल्या दोन प्रश्नांना ०.०००००१, म्हणजे दहा लाखांत एक, किंवा त्याच्या आसपासचा आकडा आधीच भरून ठेवलेला असतो. बहुतेक जण त्याला हात लावत नाहीत.

पण हा आकडा कशातला, हे विसरले की घोळ होतो. पुन्हा आहाराचे उदाहरण घेऊ. प्रौढ माणसाला रोज सुमारे २ मायक्रोग्रॅम ब-१२ जीवनसत्त्व लागते. हिशेबात सगळी वजने किलोग्रॅममध्ये भरली, तर ही गरज होते ०.००००००००२ किलो. टॉलरन्स ०.०००००१ म्हणजे एक मिलिग्रॅम, गरजेच्या पाचशेपट. मग ब-१२ अजिबात नसलेला आहारही सॉल्व्हरच्या लेखी अट पाळणारा ठरू शकतो, आणि तो स्वस्त असेल तर तोच निवडला जाईल. असा आहार वर्षानुवर्षे घेणाऱ्याला पांडुरोग आणि मज्जातंतूंचे विकार जडू शकतात. तोच आकडा रुपयांच्या हिशेबात उलट वागतो. रक्कम कोटींत भरली तर ०.०००००१ म्हणजे दहा रुपये, रुपयांत भरली तर पैशाचाही दहा हजारावा हिस्सा. काही सॉल्व्हर आत एकके जुळवून घेण्याचा प्रयत्न करतात, पण सगळा भार त्यांच्यावर टाकणे बरे नाही. ब-१२ मायक्रोग्रॅममध्ये आणि धान्य किलोत मोजले की बराच प्रश्न टॉलरन्सला हात न लावताच सुटतो.

मग टॉलरन्स शक्य तितका बारीक का ठेवू नये? कारण आजच्या संगणकात नेहमीच्या संख्येला सुमारे १६ अंकांची जागा असते. त्याच्या काठापर्यंत जाऊन काटेकोरपणा मागितला, तर अंक कापल्याची धूळच अट मोडल्यासारखी दिसते. सॉल्व्हर गोल गोल फिरत राहतो किंवा असा आहार अस्तित्वातच नाही, असे सांगून मोकळा होतो. शिवाय पालकातील लोहाचे प्रमाण कोणत्याच प्रयोगशाळेला दहाव्या अंकापर्यंत ठाऊक नसते. ते वाण, माती आणि शिजवण्याप्रमाणे बदलते. मोजमापच दोन-तीन अंकांचे असेल तर उत्तर बारा अंकांचे मागणे व्यर्थ. चुकांची ती चार उगमस्थाने वेगळी करण्याचा उपयोग इथे दिसतो.

काटेकोरपणाला किंमतही पडते. रेषीय नियोजनासाठी नॉयमन यांनी स्वतःही एक पद्धत सुचवली होती आणि ती डँट्झिग यांना कळवली होती. तिच्यात किती चूक चालेल ते आधी ठरवायचे आणि तेवढ्या जवळ पोहोचेपर्यंत पावले टाकायची. डँट्झिग यांनी पुढे दाखवलेल्या हमीनुसार चूक दहापट कमी हवी असेल तर पावलांची मर्यादा शंभरपट वाढते. कुठे थांबायचे, हे त्या पद्धतीत यंत्र ठरवत नाही; माणूस ठरवतो.

माणसाने ठरवावे, यावर नॉयमन यांचा भरच होता. आर्थर बर्क्स आणि गोल्डस्टाइन यांच्यासह १९४६ मध्ये लिहिलेल्या अहवालात त्यांनी यंत्रात तरता दशांशबिंदू ठेवण्यास विरोध केला. प्रिन्स्टनच्या यंत्रात प्रत्येक संख्या उणे एक ते एक या मर्यादेत बसवावी लागे. म्हणजे गणित भरण्याआधीच कोणती राशी किती मोठी होईल, याचा विचार करणे भाग होते. संगणकाच्या इतिहासाने याबाबतीत त्यांना साथ दिली नाही. काही वर्षांतच तरता बिंदू सर्वत्र आला, कारण तो सोयीचा होता. पण त्या सोयीबरोबर राशींचा विचार करण्याची सवय सुटली. किलो आणि मायक्रोग्रॅमचा घोळ त्यातूनच होतो.

प्रिन्स्टनचे यंत्र १९५१ मध्ये चालू लागले. त्याआधी १९५० मध्ये ज्यूल चार्नी आणि सहकाऱ्यांनी नॉयमन यांच्या पुढाकाराने एनिॲकवर हवामानाचा पहिला संगणकीय अंदाज काढला. चोवीस तासांच्या अंदाजाला जवळपास चोवीस तासच लागले. तिथेही प्रश्न तोच होता. बारीक चूक पुढच्या प्रत्येक टप्प्यावर विरत जाईल की फुगत जाईल? ते तपासण्याची जी रीत त्यांनी दिली, ती आजही त्यांच्या नावाने शिकवली जाते.

१९५५ मध्ये ते अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य झाले. त्याच वर्षी खांद्याचे दुखणे सुरू झाले. निदान झाले कर्करोगाचे. तो हाडांत पसरला होता. १९५६ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हस्ते पदक स्वीकारायला ते चाकांच्या खुर्चीतून गेले. त्याच सुमारास येल विद्यापीठात द्यायच्या व्याख्यानांची तयारी सुरू होती. विषय होता संगणक आणि मेंदू. मेंदूतील पेशींचे संदेश अतिशय ढोबळ असतात, त्यांची अचूकता जेमतेम दोन-तीन अंकांची असते, असे त्यांनी मांडले. इतक्या अंकांवर संगणकात लांबलचक गणित चालवले तर उत्तर कचरा होईल. मेंदू मात्र तेवढ्यावर विश्वासाने काम करतो, याचा अर्थ त्याची गणिताची रीतच वेगळी असली पाहिजे. एक संदेश हुकला तरी बिघडू नये अशी ती असावी, हा त्यांचा तर्क होता.

ती व्याख्याने त्यांना देता आली नाहीत. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात त्यांचे शेवटचे महिने गेले. लष्करी गुपिते तोंडून निघू नयेत म्हणून आसपास विश्वासातली माणसे नेमलेली होती. ज्याने आयुष्यभर मनातल्या मनात अवघड गणिते केली, त्या माणसाला आता स्वतःच्या बुद्धीवर भरवसा उरला नव्हता. मुलगी मरीना भेटायला आली की सात अधिक चार अशा साध्या बेरजा विचारून आपली परीक्षा घ्यायला ते तिला सांगत. तिला ते सहन होईना आणि ती खोलीबाहेर जाई. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. प्रिन्स्टनच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. अपूर्ण राहिलेली व्याख्याने १९५८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

आहाराचा तो प्रश्न आज साधा लॅपटॉप क्षणार्धात सोडवतो. नऊ माणसे, १२० मनुष्यदिवस यांची गरज उरलेली नाही. पण टॉलरन्सच्या रकान्यात कोणता आकडा भरायचा, हे ठरवायला अजूनही ब-१२ किती लागते आणि ते कशात मोजले आहे, हे ठाऊक असलेला माणूस लागतो.